डमीला कसला विचार?

मला सांगून आलेलं पहिलं स्थळ आम्ही नाकारलं, ते त्या मुलानं स्वतःच्याच जोडीदाराचा एक्का हुकमानं मारला म्हणून नव्हे. असा एक्का कोणाच्याही हातून मारला जातो. पण मारल्यावर त्यानं छताकडे बघत "चालायचंच" असा एक सुस्कारा सोडला, जणू चूक समोरच्याचीच होती. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच संध्याकाळी म्हणाले की या माणसाच्या घरात रोज भाजी करपणार आणि रोज तो छताकडे बघणार. दुसरं स्थळ पेणच्या वकिलाचं. आबा पडलेलं पान उचलायला वाकले, तेवढ्यात वकिलांनी मान लांब करून आबांची पानं पाहून घेतली. आबांना ते कळलं नाही, पण मी समोरच बसले होते. वकिलांना मी चहा दिला तो चांगला गार करून दिला.

आमच्याकडे मुलगी बघायला येणाऱ्या मुलाला ब्रिज खेळून दाखवावा लागे. आई म्हणायची, लोक मुलीला चालून दाखव म्हणतात, वाचून दाखव म्हणतात, आमच्या घरची तऱ्हाच उलटी. कर्जतला भिसेगावात आमचं घर आणि पुढच्या खोलीत आबांचा दवाखाना. आजोबांची पोशीरला भातशेती, त्या घरातले आबा पहिले शिकलेले. पुण्याला राहून ते डॉक्टरकी शिकले आणि ब्रिज शिकले. यातलं आधी काय शिकले याबद्दल आईला शंका होती.

ब्रिजला चौघं लागतात आणि त्या वेळच्या कर्जतात चौथा माणूस मिळणं म्हणजे उन्हाळ्यात विहिरीला पाणी मिळण्यासारखं. आबा एक, आमचे असिस्टंट स्टेशनमास्तर दुसरे, शेजारचे मिलवाले चाचा तिसरे. चाचा कोकणी मुसलमान, भाताची गिरणी त्यांची. चौथी म्हणून मला बसवलं तेव्हा माझ्या वयाच्या मुली लोकरीचे मोजे विणायला शिकत होत्या. युद्धावरच्या शिपायांसाठी ते मोजे जात. माझा मोजा शेवटपर्यंत टाचेच्या पुढे गेला नाही, पण समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखायला मी लवकर शिकले.

आबांची शिकवण सरळ होती. आपली पानं काय, ती कोणालाही दिसतात. खेळायचं ते न दिसणाऱ्या पानांशी. कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही, कोणी कोणतं पान किती खुशीनं टाकलं, सगळं डोक्यात ठेवायचं. स्टेशनमास्तरांच्या हातात एक्का आला की ते टोपी नीट करत. चाचांना चांगली पानं आली की ते गिरणीची रड सुरू करत: पट्टा तुटला, रॉकेल मिळत नाही, माणूस कामाला येत नाही. जितकी तक्रार मोठी तितके हातात राजे जास्त. चाचा एकदा खरोखरच गिरणीच्या काळजीनं बोलत होते आणि आम्ही घाबरून बोली सोडून दिली, असंही झालं होतं.

पण एका गोष्टीत आबा फार कडक होते. खेळताना थांबायचं ते खरोखर विचार करायचा असेल तरच. "हातात काही नसताना थांबायचं, म्हणजे समोरच्याला वाटावं की हा काहीतरी लपवतोय," ते म्हणायचे, "हे खोटं बोलणंच आहे, फक्त तोंड न उघडता." असं करणाऱ्याला आबांनी पुन्हा टेबलावर घेतलं नाही, आणि त्यात एक त्यांचा सख्खा मावसभाऊ होता.

तिसरं स्थळ आलं ते खालापूरचं. मुलगा मालगाडीवर गार्ड. वडील कचेरीतून निवृत्त झालेले. मामानं आईला बजावून सांगितलं होतं की हे स्थळ गेलं तर यापुढे मी कोणाच्या दारात शब्द टाकायला जाणार नाही, तुम्ही बापलेक पत्ते पिसत बसा. आईनं धसका घेऊन आधाराला आत्याला बोलावून घेतलं. आत्या पालीच्या पुढे एका खेड्यात दिलेली. तिथं आगगाडी नव्हती. ती आली तशी तिचा आगगाडीशी उभा दावा सुरू झाला. इंजिनाची शिट्टी झाली की ती जागच्या जागी दचकायची, हातातलं खाली टाकायची आणि मेल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. घाटातली विजेची इंजिनं कण्हत डुलत चालत, म्हणून रेल्वेतली माणसं त्यांना खेकडा म्हणत. आत्याला ते नाव कळल्यावर ती म्हणाली, "खेकडा कालवणात घालतात. ह्यो रुळावर कशापायी सोडलाय?"

मंडळी चौक गावावरून बैलगाडीनं आली. मुलगा ओट्यावर चढताना मी आतल्या दारातून बघितला. तो काळासावळा, उंच होता आणि चपला काढून त्या सरळ रेषेत लावून ठेवत होता. वडिलांच्याही चपला त्यानं तशाच लावल्या. मला तो तिथंच आवडला. यात लाजण्यासारखं काही नाही, पण तेव्हा मी लाजले, आणि मग स्वतःवरच चिडले. आधीच्या दोघांच्या वेळी मी पानं बघत होते, कारण माणूस बघावासा वाटलाच नव्हता. या वेळी मनातून वाटत होतं की पत्ते बाजूला ठेवा आणि हो म्हणून टाका. पण आबांनी मला वचन दिलं होतं की तुझ्या होकाराशिवाय होणार नाही, आणि होकार कसा द्यायचा याची मला एकच रीत ठाऊक होती.

जेवणं झाल्यावर दुपारी टेबल मांडलं. मुलाच्या वडिलांना पत्त्यांचं वावडं होतं. ते आईशी पावसापाण्याचं बोलत ओट्यावर बसले. आबा आणि मी जोडीदार, समोरासमोर. माझ्या डावीकडे गार्ड, उजवीकडे त्याचे जोडीदार म्हणून आमचे चाचा. आत्या कोपऱ्यात अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसली होती आणि मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती.

खेळ चांगला होता त्याचा. लोणावळ्याला गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत शिकलो, म्हणाला. पानं झटकन टाकायचा, जोडीदाराची चूक झाली तरी चेहऱ्यावर रेघ उमटू द्यायचा नाही. एका डावात बोली चाचांची होती, म्हणून तो डमी झाला. डमीचं काम म्हणजे आपली पानं टेबलावर उताणी मांडायची आणि डाव संपेपर्यंत गप्प बसायचं. खेळतो सगळा जोडीदारच. तेवढ्यात आईनं पोहे आणले. यानं बशी घेतली, चमचा भरून तोंडाकडे नेला आणि तो मध्येच थांबला. चमचा हवेत, नजर कुठंच नाही. मग चमचा तोंडात गेला आणि पोहे संपले.  दारात उभ्या आईनं मला डोळ्यांनी विचारलं की मीठ जास्त झालं का. मी मान हलवली. माझ्या डोक्यात तेव्हा चौकटचा एक्का होता.

मग तो डाव आला. मी चार बदाम बोलले. म्हणजे बदाम हुकूम आणि तेरातले दहा हात मी करायचे. आबांनी पानं मांडली आणि मला दिसलं की बाकीच्या रंगांतले तीन हात जाणारच, ते ब्रह्मदेवालाही चुकायचे नाहीत. चौथा गेला की मी बुडाले. आणि तो चौथा हात अडला होता बदामच्या राणीपाशी. एक्का, गुलाम, दश्शी माझ्याकडे, राजा समोर आबांच्या पानांत, आणि राणी नाहीशी. ती डावीकडे गार्डकडे असेल तर मी गुलाम टाकायचा, समोरून राजा न लावता हलकं पान लावायचं, राणी मध्ये सापडते. ती उजवीकडे चाचांकडे असेल तर राजानं हात घेऊन उलट बाजूनं यायचं. दोन्ही वाटा मोकळ्या, फक्त बाई कुठल्या घरी आहे ते कळायला हवं. बोलीत दोघंही गप्प होते. चाचांनी गिरणीचं नाव काढलं नव्हतं, पण एका राणीसाठी ते गिरणीला हात घालत नसत.

अशा वेळी आबांची युक्ती होती. गुलाम टाकायचा आणि डावीकडच्याला बघायचं. ज्याच्याकडे राणी नाही तो हलकं पान पटकन टाकतो, त्याला विचार कसला? ज्याच्याकडे राणी आहे त्याला क्षणभर तरी वाटतंच की गुलामावर घालू की नको. तो थांबतो. थांबला की राणी त्याच्याकडे.

मी गुलाम टाकला. कोपऱ्यात आत्याचा अडकित्ता खणकन जमिनीवर पडला. मला राग आला, पण मी नजर हलवली नाही. आणि गार्ड थांबला.

चांगला थांबला. पानावर बोटं ठेवून बसून राहिला. मला आतून आनंदाची उकळी फुटली. राणी सापडली याची तर होतीच, पण त्याहून जास्त, हा माणूस खरा आहे याची. कसं लपवावं हे त्याला कळत नव्हतं आणि मला नेमका असाच माणूस हवा होता. मग त्यानं हळूच बदामची तिर्री टाकली. मी राजाला हात न लावता समोरून चौकी लावली. चाचांकडे वळायचीही मला गरज वाटली नाही. त्यांच्या हातून गुलामावर राणी पडली.

"पोरी," चाचा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

चार बदाम बुडाले त्याचं मला काही वाटलं नाही. डाव येतात, जातात. पण राणी नसताना हा थांबला होता. हातात हलकी पानं असताना बोटं ठेवून, नजर लांब लावून, नाटक करून थांबला होता, तेही माझ्यासमोर. वकिलापेक्षा हा वाईट, कारण वकील मला आवडला नव्हता. डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून मी पानं गोळा करण्याचं निमित्त करून खाली बघितलं. आबांनीही पाहिलं होतं. पुढचा डाव वाटायच्या आधी त्यांनी गड्डी जरा जास्तच वेळ पिसली. गार्डला यातलं काही कळलं नाही. तो जाताना आईला पोहे चांगले झाले होते म्हणाला आणि वडिलांच्या चपला त्यांच्या पायांपुढे वळवून ठेवून निघून गेला.

मी नाही म्हटलं. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि मामाला काय सांगू म्हणत बसली. एक पान टाकायला वेळ लागला म्हणून मुलगा नाकारायचा, हे ती ऐकूनच घेईना. आबा म्हणाले, उद्या खालापूरला कार्ड टाकतो. त्यांनाही वाईट वाटलेलं होतं. रात्री त्यांनी पत्ते कपाटात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या राहिलेली सुपारी घेऊन बसली आणि मी तिच्यासमोर तोंड पाडून. मला हसवावं म्हणून असेल, ती म्हणाली की काल तुझ्यापायी माझं बोट तुटलं असतं.

"माझ्यापायी?"

"तर काय गं. तू त्ये पान आपटलंस, नि त्याच टायमाला त्यो खेकडा केकाटला."

मी म्हटलं, कुठला खेकडा? काल दुपारी कुठली गाडी आली?

आत्यानं अडकित्ता खाली ठेवला. "तुमी समदी भयरी हाव का? दोनदा वरडला. एकदा तुमी पोहे खात होतात तवा, नि एकदा तुजा पत्ता पडला तवा. तुमाला कुनाला आयकू कसं येत नाय?"

ऐकू येत नाही, हे खरंच होतं. कर्जतात जन्मलेल्या माणसाला शिट्टी ऐकू येत नाही. घाट चढणारी प्रत्येक गाडी इथं थांबते, तिला मागून दुसरं इंजिन लागतं, शिट्ट्या होतात, गाडी जाते. आम्ही ते पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेलो, त्यामुळे ते ऐकायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं होतं. आबांनी मला डोळे उघडे ठेवायला शिकवलं होतं. कानांचं त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं.

मी तिथंच बसून राहिले आणि मुद्दाम कान दिला. बऱ्याच वेळानं एक गाडी आली. पुढच्या इंजिनानं शिट्टी दिली, आत्या दचकली. मग काहीच नाही. आणि मग, लांबून, मागच्या इंजिनानं उत्तर दिलं. दोन्हींच्या मध्ये एक थांबा होता. पोह्यांचा भरलेला चमचा हवेत राहावा एवढा.

मी तशीच दवाखान्यात धावले. आबा पोशीरच्या एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून ऐकत होते. बाजूला खालापूरचं कार्ड, वर फक्त 'सप्रेम नमस्कार' लिहिलेलं.

"आबा," मी म्हटलं, "डमीला कसला विचार?"

त्यांनी मला गप्प राहायची खूण केली, म्हाताऱ्याला श्वास सोडायला सांगितलं, आणि मग त्यांचाच श्वास अडकला. त्यांनी कानांतून नळी काढली. पोह्यांच्या वेळी तो डमी होता. पानं उताणी, काम काही नाही, फसवायचं कोणाला? पोह्यांना? आणि तरी तो थांबला होता. म्हणजे तो पानांसाठी थांबतच नव्हता. हे सगळं मी एका दमात सांगितलं, आणि म्हातारा उघड्या अंगानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

आबांनी कार्ड पालथं घातलं. पण ते पडले जुने खेळाडू. म्हणाले, हा झाला अंदाज. पान उघडून बघितल्याशिवाय मी खात्री धरत नाही.

पान उघडायची सोय स्टेशनमास्तरांनी केली. त्यांच्याकडून कळलं की अमुक दिवशी दुपारी त्या गार्डची मालगाडी घाट चढायला येणार आहे. आबा मला घेऊन फलाटाच्या टोकाशी गेले. आईला आम्ही सांगितलं की हवा खायला चाललो. गाडीच्या शेवटी गार्डचा डबा, त्याच्या मागे खेकडा लागलेला, आणि दारात तो उभा, हातात हिरवं निशाण. आम्हाला बघून तो गडबडला. नमस्कार केला. आबांनी इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, परवाचे पोहे कसे काय होते?

"फार चांगले होते, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे नुसतेच करतात. तुमच्याकडे वरून चांगलं ओलं..."

पुढून शिट्टी झाली. तो तोंड उघडं ठेवून थांबला. मान जराशी वाकडी, नजर कुठंच नाही, तीच. मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते आणि त्याच्या लेखी तिथं कोणीच नव्हतं. मागच्या खेकड्यानं शिट्टी देऊन उत्तर दिलं.

"...खोबरं होतं," तो म्हणाला.

मी भर फलाटावर मोठ्यानं हसले. बघायला आलेल्या मुलीनं असं हसू नये, पण मला दुसरं काही सुचलं नाही. तो विचारात पडला. आबांनी त्याला विचारलं की शिट्टी झाली की तुम्ही असे थांबता का. त्याला प्रश्नच कळला नाही. थांबतो म्हणजे काय, मागच्याचं उत्तर नको का यायला? पुढचं ओढायला लागलं आणि मागचं तयार नसलं तर जोड तुटतो, आणि मधल्या डब्यात मी असतो. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. त्याला स्वतःचं थांबणं ठाऊकच नव्हतं, जशी आम्हाला शिट्टी.

गाडी हलली. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. म्हटलं, "बदामची राणी तुमच्याकडे नव्हती."

"नव्हती," तो डब्यातून ओरडला. "मग काय झालं?"

"खालापूरला येऊन सांगतो," आबा ओरडले.

आबांनी खालापूरला जाऊन सगळं सांगितलं. लग्नात मामानं सगळ्यांना ऐकवलं की हे स्थळ मी जमवलं. आत्यानं त्याला खोडून काढायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि तिच्या हातच्या अक्षता सांडल्या.

नवऱ्याबरोबर मी कर्जतातच राहून पुढे उभा जन्म ब्रिज खेळले. आमच्यात कोणतंही भांडण एका दमात संपलं नाही. मी चिडून काही बोलावं, त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडावं, शिट्टी व्हावी, आणि मागच्याचं उत्तर येईपर्यंत मला माझंच बोलणं थोडं जास्त झालं असं वाटावं. हळूहळू मलाही शिट्टी ऐकू यायला लागली. त्याची गाडी असेल या काळजीनं आधी, आणि मग तशी सवयच लागली. घाट चढणारी गाडी पुढून ओरडली की माझ्या हातातली पळी थांबते.

आता तो निवृत्त होऊनही कितीतरी वर्षं झाली. ते खेकडे गेले, दुसरी इंजिनं आली. कर्जतला मागचं इंजिन अजून लागतं. त्याला मात्र आता फार कमी ऐकू येतं. परवा दुपारी शेजारची दोघं आली, आम्ही डाव मांडला आणि या वेळी नवरा बोलीवर, मी त्याच्या डावीकडे. त्यानं इस्पिकचा गुलाम टाकला आणि म्हातारपणीही तेज असलेले डोळे माझ्यावर रोखले. माझ्याकडे नुसती हलकी पानं होती. मी टाकणार तोच पुढून शिट्टी झाली.

माझा हात थांबला. त्यानं ते पाहिलं, गालात हसला, समोरून राजा न लावता सोडून दिलं, आणि माझ्या समोर बसलेल्या भिडूनं राणी टाकली.

तो भडकला. इतक्या वर्षांच्या संसारात बायको आपल्याला असं फसवेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तो हे सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलला. थांबलीस कशाला, म्हणून त्यानं विचारलं.

मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडले, "शिट्टी झाली."

त्यानं पानं खाली ठेवली. राग कुठल्या कुठे गेला. मान जराशी वाकडी करून तो थोडा वेळ तसाच बसला, पण त्याला काही ऐकू आलं नाही. मग त्यानं मला विचारलं, "मागच्यानं उत्तर दिलं का?"

"दिलं," मी म्हटलं, आणि पुढचा डाव वाटायला घेतला.